अळणी पाव

आमच्या भावोजींना बेकरीत सगळे नाकोबा म्हणायचे. ताईला ते मुळीच आवडायचं नाही. आपल्या नवऱ्याला कोणी असं म्हटलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं. भावोजींना मात्र त्याचं काही वाटत नसे. उलट कामावर नवीन माणूस आला की तेच आपली ओळख करून द्यायचे, मी नाकोबा, भट्टी माझ्याकडे असते.

मी ताईची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, ताईच्याच घरी वरच्या खोलीत राहते आणि त्याच बेकरीत पुढे गिऱ्हाइकांना पाव बांधून देते. ही नोकरीही भावोजींनीच मिळवून दिली. म्हणजे घरी तेच, कामावर तेच. एवढं डोळ्यांसमोर असलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं, पण बोलते.

बेकरीची मागची खोली लांबट आणि बुटकी आहे. एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला पीठ मळायचं लांबलचक लाकडी टेबल, मध्ये एक खिडकी, तीही पिठाने आंधळी झालेली. भट्टी जुनी, विटांची आणि महालहरी. हवा दमट असली की सुस्तावते, वारा सुटला की भडकते. घड्याळ बघून तिच्याशी वागता येत नाही. भावोजी पाव आत सारायचे, लोखंडी दार ओढून घ्यायचे आणि भट्टीकडे चक्क पाठ करून हाताची घडी घालून उभे राहायचे. इतरांच्या गप्पा ऐकायचे, मध्येच कोणाची तरी फिरकी घ्यायचे. आणि मग अर्धं वाक्य तोंडातच सोडून म्हणायचे, काढा. दार उघडलं की पाव असे झालेले असायचे की बघत राहावं. ते सगळं नाकाने चालायचं. कवच कधी धरलं, आतला ओलावा कधी गेला, कोणत्या कोपऱ्यातला पाव पुढे पळाला, सगळं त्यांना वासावरून कळायचं.

दुसरी सवय जिभेची. पीठ मळून झालं की गोळे करण्याआधी ते त्यातला एक कण चिमटीत घ्यायचे, कच्चाच जिभेवर ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि मान डोलवायचे. ती मान डोलल्याशिवाय गोळ्यांना कोणी हात लावायचा नाही. मीठ बघायचं असायचं त्यांना. आमच्याकडे मीठ मागाहून घालतात, आधी पीठ आणि यीस्ट एकमेकांना रुळू द्यायचं, मग मीठ. त्यामुळे घाईगर्दीत काही राहून जायचं झालं तर नेमकं मीठच राहतं. भावोजींच्या जिभेमुळे आमच्याकडून ते कधी राहिलं नाही.

पोरवयात तिथे झाडू मारायला लागलेला हा माणूस. सगळी हयात त्याची एकच इच्छा, की ही बेकरी आपल्या हाताखाली चालावी. म्हाताऱ्या मालकांनी ती ओळखली होती. त्यांची मुलं दुसऱ्या उद्योगांना लागलेली, गुडघे बोलायला लागलेले. एकदा सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, की मी घरी बसलो की इथलं सगळं नाकोबा बघेल. त्या संध्याकाळी भावोजी घरी आले ते थेट ताईच्या शेजारी बसून राहिले. ताईने विचारलं तेव्हा सांगितलं आणि दोघांनी तिथेच डोकी टेकवून प्रार्थना केली. मी जिन्यात उभी होते. मलाही बरं वाटलं.

प्रार्थनेचं म्हणाल तर घर तसं भाविक. चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळक एक पाव मोडतात, त्याचे तुकडे ताटातून बाकाबाकांवर फिरतात, आणि सगळ्यांनी हातात घेतल्यावर सगळी मंडळी एकदम खाते. तो पाव लग्न झाल्यापासून भावोजीच करत आले. आणि बेकरीत नाही, ताईच्या स्वयंपाकघरात, शनिवारी संध्याकाळी. विकायच्या पावांच्या रांगेत हा बसवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवारी तुकडा तोंडात टाकला की बाकीचे डोळे मिटायचे, हे मात्र टकामका लोकांची तोंडं बघत बसायचे. कसा झालाय, हेच. ताई त्यांना कोपराने ढोसायची. मी स्वतः चर्चला जायचे ती ताई मागे लागते म्हणून, शेवटच्या बाकावर बसायचे आणि पाव खरंच छान असायचा म्हणून प्रभुभोजन चुकवायचे नाही. देवाला माहीत आहे, तेव्हा लपवण्यात काय अर्थ.

मग त्या थंडीत तो ताप आला. आमच्या गल्लीत घरोघरी आला, आला तसा गेला. मला आला, ताईला आला. भावोजींना आला आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला.

आम्हाला कळलंच नाही आधी. ते बोलले नाहीत. एके दिवशी ताई अंगणात कपडे वाळत घालत होती, मी वर होते. मला करपल्याचा वास आला म्हणून धावत खाली आले तर स्टोव्हवर दूध जळून पातेलं काळं झालेलं, खोलीभर धूर, आणि भावोजी हातभर अंतरावर पाठमोरे बसून बूट पुसताहेत. मी तोंड सोडलं. झोपलात का, नाक कुठे ठेवलंत, असं काहीतरी बोलले. ते वळले, पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "काहीच येत नाही."

डॉक्टर म्हणाले नस दुखावली आहे, येईल परत किंवा नाही येणार. चवही त्याच्याबरोबर गेली होती. उपाय म्हणून चार बाटल्या करायला सांगितल्या, एकीत कॉफी, एकीत लिंबाची साल, एकीत लवंगा, एकीत साबणाचा चुरा. रोज सकाळी एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. खिडकीशी बसून हा धिप्पाड माणूस शाळेतल्या पोरासारखा मन लावून बाटल्या हुंगायचा, आणि ताई पाठमोरी उभी राहून भांडी घासायचं नाटक करायची. रोज ती विचारायची नाही आणि रोज ते सांगायचे नाहीत.

मंडळीने प्रार्थना केल्या. पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, घरी चार माणसं येऊन गुडघ्यांवर बसली. भावोजी मनापासून आमेन म्हणायचे. त्यांची खात्री होती, की देणारा तोच, परतही तोच देईल. आठवडे गेले, काही झालं नाही. मग चर्चमधल्या एक मावशी आहेत, जाड चष्म्याच्या, त्या आवारात भेटून ताईला म्हणाल्या, की विश्वास कुठेतरी कमी पडत असेल गं. ताई गप्प बसली. मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, मावशी, चष्म्याचा नंबर काय आता तुमचा? त्या चष्मा सावरत निघून गेल्या. ताई घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

बेकरीत मात्र कोणालाच सांगितलं नव्हतं. मालक त्या वसंतात घरी बसणार होते, आणि भावोजींना वाटत होतं की तेवढे दिवस निभावून न्यावेत, तोवर नाक येईल. घड्याळ बघून भट्टी चालवू लागले. मी पुढून बघायची, माझा जीव टांगणीला. पाव कधी फिके निघायचे, कधी जरा जास्त लाल. लोक म्हणायचे, आज नाकोबाला सर्दी दिसते, आणि हे हसायचे.

एके सकाळी वारा सुटला. मी पाव बांधत होते. आधी एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, मग मला वास आला, आणि मी हातातलं टाकून मागे पळाले. भट्टीच्या दाराच्या फटीतून काळा धूर येत होता. टेबलावर पीठ मळणारे दोघं अंगणात पिठाची पोती उतरवून घेत होते. आणि भावोजी आपले नेहमीसारखे भट्टीकडे पाठ करून, हाताची घडी घालून उभे. डोळे घड्याळावर. घड्याळाप्रमाणे अजून वेळ होता. माझ्याकडे बघून ते थोडे हसलेसुद्धा, काय गं, म्हणाले. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मालक वाईट माणूस नव्हे. ओरडले नाहीत. भावोजींना बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, भट्टी नाही देता येणार रे. चुकलं का त्यांचं? मी बरेच दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? त्यांनी घरी बसणं पुढे ढकललं आणि दुसऱ्या बेकरीतून एक तरणा भट्टीवाला आला. कामाला चोख, बोलायला नम्र, म्हणजे त्याचा रागही धड करता येईना. भावोजींकडे पाव भाजायचे पत्रे घासायचं आणि पोती वाहायचं काम आलं. आणि त्या दिवसापासून बेकरीत त्यांना कोणी नाकोबा म्हणालं नाही. सगळे एकदम आदराने बोलू लागले. त्या आदराने त्यांचे हातपाय अधिकच गळले.

मग त्यांनी खाणं सोडलं. रुसून नव्हे. त्यांना खाताच येईना. तोंडात घास गेला की नुसतं गरम किंवा गार, ओलं किंवा कोरडं. कापूस चावतोय असं वाटतं, म्हणायचे. दोनदा चावायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि उठून बाहेर जाऊन थुंकायचे. ताई लाँड्रीत दिवसभर इस्त्री करून यायची आणि आल्या आल्या सूप कर, खिमट कर, काहीतरी पातळ कर, जे न चावता जाईल. चार घोट घेतले तर घेतले. त्यांचे खांदे उतरले, गालांची हाडं वर आली, पँट दोरीने बांधायची वेळ आली. कामावरून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, की असंच चाललं तर हा माणूस हातचा जाईल.

चर्चही सुटलं. प्रभुभोजनाचा पाव करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा पाळक आमच्याच दुकानातून पाव नेऊ लागले. मीच बांधून द्यायची. जेवायला बसल्यावर ताई हात जोडायची तेव्हा ते ताटाकडे बघत बसायचे. एकदा ती मोठ्याने त्यांच्यासाठी मागायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवून ते खाली केले.

"पुरे," म्हणाले. "मी त्याच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. त्याला माहीत होतं."

ताईने ताट तसंच ठेवलं आणि उठून गेली. मी तिथेच बसले होते. मला फार भीती वाटली. रागावलेला माणूस परत येतो. हे रागावलेले नव्हते. त्यांनी आतून दिवा मालवला होता. मी त्या दिवशी वर जाऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझी मी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच ते. तुला नाकच सापडलं का घ्यायला, असं विचारलं.

पुढे काय झालं ते ताईच्या गुडघ्यामुळे झालं. लाँड्रीच्या ओल्या फरशीवर घसरली आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. रविवार आला तर हिचं चालू, मला चर्चला न्या. पहिला रविवार होता. मी म्हटलं, मी नेते. ती म्हणाली, तुझ्या खांद्यावर मी तोलले तर दोघी पडू. खोटं नव्हतं ते. भावोजी उठले, कोट घातला, तो आता खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता, आणि तिला धरून निघाले. माझ्या मते त्यांनी तिला बाकावर बसवून बाहेर थांबायचं ठरवलं होतं. पण ती मुद्दाम बाकाच्या आतल्या टोकाला सरकून बसली आणि हात काही सोडला नाही. अशा बाबतीत ताई कोणाचं ऐकत नाही.

पावाचं ताट फिरत आलं. पुढे सारून द्यायचं तर सगळ्यांचे डोळे. त्यांनी तुकडा उचलला. सगळ्यांबरोबर तोंडात घातला. मी मागच्या बाकावरून तिरकी होऊन त्यांचा जबडा बघत होते. दोनदा हलला आणि थांबला. मला वाटलं, आता हे उठणार आणि बाहेर जाऊन थुंकणार. ते उठले नाहीत. बराच वेळ तसेच बसले. मग गळ्याची घाटी खाली-वर झाली. गिळला. उपासना संपली, लोक बाहेर पडले, तरी ते बसून होते, आणि ताई त्यांच्या शेजारी सुजलेला पाय लांब करून.

त्या दुपारी घरी त्यांनी स्वतःहून पावाचा एक तुकडा घेतला. ताटात नाही, तळहातावर. डोळे मिटले, ओठ हलवले आणि खाल्ला. मग दुसरा. प्रत्येक घासाला तसंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सूप असलं तरी चमचा हातात धरून डोळे मिटायचे. जेवण संपता संपेना. बघून बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण ताईने दम भरला होता की सगळ्यांनी बरोबरच उठायचं. पण पोटात जात होतं. आणि एकदाही बाहेर जाऊन थुंकले नाहीत.

मला राहवेना. बेकरीच्या मागच्या पायरीवर ते पत्रे घासत होते तिथे जाऊन मी सरळ विचारलं, की असं झालं तरी काय त्या रविवारी. मला वाटलं, काही दर्शन-बिर्शन सांगतील आणि मग माझी पंचाईत होईल. ते पत्रा घासत राहिले.

"थुंकायलाच निघालो होतो," म्हणाले. "पण प्रभुभोजनाचा तुकडा कसा थुंकणार? मग तोंडात धरून बसलो. इतकी वर्षं लोकांची तोंडं बघण्यात गेली माझी. त्या दिवशी पहिल्यांदा समोर बघितलं, क्रूसाकडे. शेवटी त्याला तहान लागली तेव्हा त्याच्या तोंडाला काय लावलं होतं? आंब, आंबलेला द्राक्षारस. गोड घास त्यालाही कोणी दिला नाही. आणि मला का सोडलंस म्हणून त्यानेही देवाला विचारलंच होतं." मग पत्रा पालथा करून, "हा घास चवीसाठी नसतोच गं. लागला नाही तरी पोचतो. मग म्हटलं, बाकीचेही तसेच घेऊन बघू."

मी पुढे निघून आले. गिऱ्हाइकं उभी होती. एका बाईंना मी भलतेच पाव बांधून दिले, त्या परत आल्या तेव्हा कळलं.

म्हणजे सगळं मार्गी लागलं असं समजू नका. नाक आलं नाही. भट्टीपाशी त्यांना जाववत नव्हतं, पत्रे घेऊन जातानासुद्धा भिंतीच्या बाजूने जायचे. कधीकधी आठवडाभर परत भिंतीकडे तोंड. पण पुढच्या पहिल्या रविवारच्या आधी ते पाळकांना जाऊन सांगून आले, की ह्या वेळी पाव मी करतो. ताईला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली बशी पडली. तिला आनंद झाला आणि धास्तीही बसली. मला नुसती धास्ती. हा एक पाव बिघडला तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही, हे आम्हा दोघींना न बोलता कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बाह्या सारल्या. ताई पाय उशीवर ठेवून बसलेली, मी चहाचं बघत होते. हात सगळं विसरले नव्हते. पीठ मळताना बघून बरं वाटत होतं. मध्येच म्हणाले, पीठ जरा सैल लागतंय. ताई म्हणाली, इतक्या महिन्यांनी हात लावताय, लागणारच. मग त्यांनी कण चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला, क्षणभर थांबले आणि मान डोलावली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ताईनेही बघितलं. आणि आम्हा दोघी शहाण्यांना एवढंसुद्धा सुचलं नाही, की ही मान आता कशाच्या जोरावर डोलते आहे. इतक्या वर्षांची सवय, त्यांनाही आणि आम्हालाही. पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगलं, तेव्हा आम्ही म्हटलं, स्वयंपाकघर गरम आहे. पाव भाजून निघाला तो रंगाने जरा फिका, पण गोल, उंच, देखणा. भावोजींनी तो पालथा करून टिचकी मारली, आवाज ऐकला, समाधान झालं.

रविवारी ताई आणि भावोजी माझ्या पुढच्याच बाकावर बसले होते. पाळकांनी पाव मोडला. ताट फिरलं. सगळ्यांनी एकदम तुकडा तोंडात घातला, आणि मला कळलं. अळणी. पूर्ण अळणी, मिठाचा कणही नाही. तुम्ही कधी बिनमिठाचा पाव खाल्लाय का? ओलं पुस्तक चावल्यासारखं लागतं. तोंडात फिरतो आणि कुठे जायचं ते त्याला कळत नाही. मी ताईकडे बघितलं. ती वळून माझ्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून. पुढे पाळकांचा जबडा हळू झाला. जाड चष्म्याच्या मावशी चावायच्या थांबल्या आणि पुन्हा चावू लागल्या. सगळ्या चर्चमध्ये कोणी एक शब्द काढला नाही, आणि कोणी तुकडा बाहेर काढला नाही. चावत राहिले सगळे.

आणि भावोजी लोकांची तोंडं बघत होते. जुनी खोड. ज्या माणसाने आयुष्यभर ह्याच तोंडांवर आपला पाव वाचला त्याला काय लपणार? ते एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेले, मग ताईकडे बघितलं, तिने मान खाली घातली. मग बाकावर वळून मागे माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं, घरात खोटं बोलता न येणारी मी एकटीच.

"काय राहिलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मला त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं तर मी बोलले असते. जीभ वळली नाही. मी म्हटलं, "मीठ."

त्यांनी डोळे मिटले. पुढे वळले, डोकं खाली गेलं आणि खांदे हलायला लागले. संपलं, मी मनात म्हटलं. आता हा माणूस घरी जाईल, भिंतीकडे तोंड करेल, आणि ह्या वेळी ताईचा गुडघा काय, सगळं शरीर सुजलं तरी उठणार नाही. मी उठून त्यांच्या बाकापाशी गेले आणि बघते तर ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि हसत होते. त्यांनी ताईचा हात घट्ट धरला होता.

"म्हणजे आज सगळ्यांना माझ्यासारखाच लागला," ते म्हणाले. "आणि सगळ्यांनी खाल्ला."

ताई रडायला लागली. मी उभीच होते, उपासना चालू असताना, मधल्या वाटेत, ठोंब्यासारखी. मग त्यांच्या बाकावर बसले. शेवटच्या बाकावर मी त्यानंतर कधी गेले नाही.

बाहेर आवारात कोणी विषय काढेना.  शेवटी त्या चष्म्याच्या मावशीच आल्या, भावोजींसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, उरला असेल तर मला द्या, माझं मीठ डॉक्टरांनी तसंही बंद केलंय. भावोजींनी उरलेला अख्खा तुकडा त्यांना दिला. मीही मावशींना नमस्कार केला. घरी आल्यावर मिठाची वाटी सापडली, किटलीच्या मागे, काठोकाठ भरलेली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. भट्टी त्या तरण्या माणसाकडेच राहिली. तोच आता बेकरीही बघतो, आणि मालक मागेच गेले. खिडकीतल्या चार बाटल्या अजून आहेत. भावोजी अधूनमधून उघडतात, हुंगतात आणि झाकण लावून ठेवतात. ज्या दिवशी हवा दमट असते आणि भट्टी लहरीत येते, त्या दिवशी ते पाठमोरे उभे राहिलेले दिसतात, आणि मला पुढे बघवत नाही. जे गेलं ते गेलंच.

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी ते पत्रे खाली ठेवून मालकांकडे गेले होते. भट्टी नको, मळायचं टेबल द्या, म्हणाले. मालकांनी विचारलं, आणि मीठ? तेव्हा हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, नाकोबाला जीभ उसनी मिळाली आहे. त्यांनी स्वतःला त्या नावाने हाक मारलेली ऐकून मागच्या खोलीत सगळे आधी एकमेकांकडे बघायला लागले आणि मग हसले.

तेव्हापासून रोज पीठ मळून झालं की मला आतून हाक येते. गिऱ्हाईक असलं तरी मी त्याला थांबायला सांगून जाते. भावोजी बोटावर कच्च्या पिठाचा कण घेऊन उभे असतात. मी तो जिभेवर ठेवते, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात, कोणत्याही घाईविना. मी मुद्दाम जरा वेळ लावते. मग मान डोलावते, आणि ते टेबलाकडे वळून म्हणतात, घ्या.